इकडे बघू नका!

स्टेशनच्या क्लबात रविवारी दुपारी रुळांचा सिनेमा दाखवणार, हे कळल्यापासून कानशाइम आजीच्या पायाला भिंगरी लागली होती. चाळीस वर्षांपूर्वी स्तेपच्या गवताळ माळरानातून हे रूळ टाकले, तेव्हा मॉस्कोची माणसं येऊन त्याचं चित्रीकरण करून गेली होती. त्यात तिचा नवरा होता. पुढे तो युद्धावर गेला तो परत आलाच नाही, आणि घरात त्याचा साधा एक फोटो नव्हता. आता त्याचा चेहराही तिला नीट आठवेना. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोणत्या तोंडानं?

"आजी, आजोबा दिसतीलच कशावरून?" नात राउशाननं विचारलं.

"त्या मेल्यानं कापलं नसेल तर दिसतील!"

मेला म्हणजे कॅमेरावाला. काम करा, कॅमेऱ्याकडे बघू नका, अशी त्याची सक्त ताकीद होती. बाकीच्यांनी निमूट ऐकलं. तिचा नवरा येलेमेस मात्र खांद्यावरचा रूळ उतरवता उतरवता वर बघून हसला, कारण कॅमेऱ्यामागे घोडीच्या आंबट दुधाची पखाल घेऊन त्याची नवी नवरी उभी होती. कॅमेरावाला खेकसला, "इकडे बघू नका! आता हे कापावं लागणार!" शेजारी सासरे. कानशाइम लाजेनं चूर झाली, तिनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. केवढा हा वेडेपणा! त्या हसण्याला उत्तर द्यायचं राहून गेलं, आणि ते तिच्या मनाला कायमचं लागून राहिलं.

क्लबातले दिवे मालवले. पडद्यावर उंट आले, फावडी आली, लाकडी स्लीपर आले. मग रूळ वाहणाऱ्यांची रांग आली, सगळ्यांच्या माना खाली. आजीनं राउशानचा हात गच्च धरला. रांग सरत आली. कापलंच की गं त्यानं, असं ती पुटपुटली.

तेवढ्यात शेवटच्या गड्यानं मान वर केली.

चोवीस वर्षांचा येलेमेस थेट तिच्याकडे बघून हसला. पुढचा दात अर्धा तुटलेला. अगं बाई, दात तुटका होता की! हे कसं विसरले मी?

मागे पोरांत खसखस पिकली. "हा बघ, कॅमेऱ्याकडेच बघतोय!"

"कॅमेऱ्याकडे नाही रे बाबांनो, माझ्याकडे!" आजी मोठ्यानं म्हणाली.

आता सासरे नव्हते, लाजायचं कुणाला? तिनं डोळे भरून त्याच्याकडे बघितलं, आणि हसलीसुद्धा.