रात्री बारापर्यंत आमचा

बुधवारी दुपारी बाराला दहा कमी असताना, खासदार बेरिल ऑर्ड यांच्या कार्यालयात काम करणाऱ्या नेलला ते पत्र आलं आणि तिने ते दोनदा वाचलं.

पत्र संगणकावर आलेलं, जेमतेम चार ओळींचं. शेजारच्या एल्मरिज मतदारसंघाच्या खासदारांच्या कार्यालयातून. ‘लँबर्ट रेन यांना आपण आमच्याकडे पाठवलंत. त्यांचं हाय स्कारचं शेत निवडणुकीनंतर आमच्या हद्दीत येणार आहे. आज ते आपल्याच हद्दीत आहे. दुसऱ्या खासदाराच्या माणसाच्या कामात आम्ही हात घालत नाही, हे आपण जाणताच. सोमवारच्या सुट्टीमुळे कळवायला उशीर झाला, क्षमस्व.’

नेलने मान वर करून भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर थॉर्नबेक मतदारसंघाचा नवा नकाशा होता. निवडणूक जाहीर झाली त्याच संध्याकाळी बेरिलबाईंचा प्रचारप्रमुख क्लेमंट हिंडमार्श प्रचाराच्या कागदांचा भारा घेऊन आला आणि जुना नकाशा उतरवून हा टांगून गेला. मतदारसंघांच्या पुनर्रचनेत कुठली गावं गेली, कुठली आली, आठवडाभर सगळ्यांच्या तोंडी तेच. शुक्रवारी लँबर्ट रेन टोपी हातात धरून टेबलासमोर बसला, तेव्हा नेलने मागे वळून त्या नकाशावर बोट ठेवलं होतं. शेत निळ्या रेघेच्या पलीकडे. ‘तुम्ही आता एल्मरिजचे,’ ती हसून म्हणाली होती. वर पत्ताही लिहून दिला होता. त्याने वाद घातला नाही. हाय स्कारच्या खोऱ्यातली माणसं वाद घालत नाहीत, टोपी डोक्यावर ठेवतात आणि जातात.

पण निळी रेघ खरी होणार ती मतदानाच्या दिवशी. तोवर जुनीच हद्द चालू. सहा वर्षं हेच काम करणारी बाई, आणि एवढी साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही.

आज रात्री बाराला संसद बरखास्त होणार होती. त्या क्षणापासून बेरिल ऑर्ड खासदार नाहीत, आणि पुढचे पाच आठवडे इथे काय, एल्मरिजला काय, कोणीच खासदार नाही. आधी दाखल झालेल्या तातडीच्या कामांचा पाठपुरावा कार्यालयाला करता येतो. नवीन काम मात्र घेता येत नाही. आणि लँबर्ट रेनचं काम पाच आठवडे थांबणारं नव्हतं. त्याच्या गर्भार बायकोला एकतीस आठवडे पूर्ण झाले होते.

मार्सेला उरुग्वेची. मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या टोळीबरोबर दोन हंगाम इथे आली, तिसऱ्या वर्षी लँबर्ट तिकडे जाऊन लग्न करून आला. ती अजून तिकडेच होती आणि तिच्या व्हिसाचा अर्ज सात महिने कुठल्याशा टेबलावर पडून होता. छत्तिसावा आठवडा लागला की कुठलीच विमान कंपनी तिला बसू देणार नाही. लँबर्टला जाता येत नव्हतं. बापाला अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, तीनशे चाळीस मेंढ्या, आणि माणूस म्हणून तो एकटा.

नेलची विनी आता दहा महिन्यांची होती. तिच्या जन्माच्या वेळी नेलचा नवरा ॲलेक समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला होता. वादळ आलं, बोट निघेना, दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. त्या पहिल्या दिवसाबद्दल तो अजूनही काही विचारत नाही. घरात फोटो पाहायला बसले की नेमकी ती दोन पानं भराभर उलटतो.

तिने हाय स्कारला फोन लावला. वाजत राहिला. वर खोऱ्यात मोबाइलला रेंज नसते. लँबर्टची सही नसेल तर त्याच्या वतीने सरकारदरबारी एक शब्द विचारता येत नव्हता. शुक्रवारी तिने संमतीचा कागद पुढे केलाच नव्हता.

गाडीची किल्ली शोधता शोधता तिने सासूबाईंना फोन केला. ‘मला एक वाजता यायला जमत नाहीय. विनीला बाटलीतलं द्याल?’

‘देते. तोंड फिरवेल, पण देते,’ सासूबाई म्हणाल्या. ‘तुझ्या बेरिलबाईंना सांग, मतं मागायची असतात दारोदार जाऊन. लेकराची आई पळवून नाही मिळत.’

‘मतांचं नाहीये हो.’

‘मग कशाचं?’

‘चूक झालीय माझी.’

पलीकडे क्षणभर विनीची बडबड तेवढी ऐकू आली. ‘जा मग,’ सासूबाई म्हणाल्या. ‘हळू चालव. वळणावर मेंढ्या असतात.’

वळणावर मेंढ्या होत्याच. दगडी बांधांमधल्या त्या अरुंद रस्त्यावर एक मेंढी दोन कोकरांना घेऊन सावकाश पुढे चालली होती, आणि नेल तिच्या मागे पहिल्या गिअरमध्ये. भोंगा वाजवायला हात जाईना. छाती दुधाने जड झाली होती, घड्याळात एकला पाच कमी होते. मेंढी एकदा थांबली, मागे पाहिलं, कोकरं आली की नाही याची खात्री केली आणि मग कुठे रस्ता सोडला.

लँबर्ट मागच्या वाड्यात कोकरांना जंताचं औषध पाजत होता. एक कोकरू दोन गुडघ्यांत धरलेलं, हातात औषध पाजायची बंदूक, कोपरापर्यंत जांभळे डाग. नेलला पाहून त्याने त्या कोकराचं औषध पाजून पुरं केलं, त्याला सोडलं, आणि मगच तो सरळ उभा राहिला.

‘शुक्रवारी तर मी तुमचा नव्हतो,’ तो म्हणाला.

‘चुकले मी. निवडणुकीनंतरचा नकाशा बघून बोलले. तुम्ही आमचेच आहात, आज रात्री बारापर्यंत.’

‘आणि बारानंतर?’

‘कोणाचेच नाही. पाच आठवडे.’

त्याने बंदूक भिंतीवर ठेवली. ‘माझी मेंढी कुंपण ओलांडून शेजारी गेली, तरी तिच्या पाठीवरची लाल खूण माझीच राहते. शेजारी आणून सोडतो. तुमच्या लोकांना तेवढंही जमत नाही होय?’

‘इथे सही करा,’ नेल म्हणाली. ‘मग हवं तेवढं बोला मला. जाताना ऐकत जाते.’

‘जाताना कसं ऐकाल?’

‘काच खाली ठेवीन.’

तो हसला नाही, पण हात पँटला पुसले. कागदावर सहीबरोबर अंगठ्याचा जांभळा ठसाही उमटला. मग तो आत गेला आणि प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेले कागद घेऊन आला. त्यात मार्सेलाच्या क्षयरोग तपासणीचा दाखला होता. ‘हा दोनदा पाठवला. दोन्ही वेळा पोच आली नाही. बघा, उपयोग झाला तर.’ थोडं थांबून म्हणाला, ‘ती रोज विचारते. मी रोज सांगतो, उद्या. आता तिने विचारायचंच सोडलंय.’

नेल तीनला थॉर्नबेकच्या बाजारचौकात पोचली. घंटाघराखाली बेरिल ऑर्ड उभ्या होत्या, भोवती पंचवीस-तीस कार्यकर्ते, छातीवर बिल्ले, हातात पत्रकांचे गठ्ठे. बेरिल शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं मुख्य आचारी होत्या. अजूनही गर्दीत उभ्या राहिल्या की जणू रांग लावायला सांगणार आहेत असं वाटे. चारला स्थानिक रेडिओवाले येणार होते. क्लेमंट घड्याळाकडे आणि आभाळाकडे आळीपाळीने बघत होता.

नेलने बेरिलना एका दुकानाच्या कोपऱ्याला घेतलं आणि सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. नकाशा, बोट, हसून लिहून दिलेला पत्ता.

क्लेमंट मागोमाग आलाच होता. ‘हाय स्कार? हॅरोडेल खोऱ्यातलं? अगं, ते सबंध खोरं गेलं आपल्याकडून. तिथला एक माणूस आपल्याला मत देऊ शकत नाही, मनात असलं तरी.’

‘मला माहीत आहे.’

‘गेल्या वेळी सहाशे मतांनी निवडून आलोय आपण. सहाशे. हा चौक सोडून बाईंनी एल्मरिजच्या मतदारासाठी फोन धरून बसायचं?’

‘क्लेम,’ बेरिल म्हणाल्या, ‘हे सगळं तू चौकात ओरडून सांगतोयस, की मला?’

बेरिलने नेलकडे पाहिलं. रागाने नाही, पण बराच वेळ.

‘शुक्रवारी आला तेव्हा माझा होता तो?’

‘हो.’

‘आणि आपण त्याला दारातून परत लावला.’

‘मी लावला.’

‘पाटी माझ्या नावाची आहे दारावर, पोरी.’ त्यांनी पत्रकांचा गठ्ठा क्लेमंटच्या हातात दिला. ‘उद्या दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या पोराचं आजचं ताट मी कधी काढून घेतलं नाही. रेडिओवाल्यांना चहा पाज. मी वेळेत आले नाही तर तू बोल, बोलायला आवडतं तुला.’

कार्यालयात नेलने सहीचा कागद, दाखला, पत्र, सगळं पाठवलं आणि व्हिसा खात्याच्या, खासदारांसाठी राखीव असलेल्या क्रमांकावर फोन लावला. देशभरातली सहाशेच्या वर कार्यालयं आज तोच क्रमांक लावत होती. संगीत वाजत राहिलं. बेरिलने बूट काढले आणि खोक्यावर पाय ठेवून बसल्या. चार वाजले. चौकातून ध्वनिवर्धकावर क्लेमंटचा आवाज येऊ लागला; बेरिलने एकदा खिडकीकडे पाहिलं आणि पुन्हा फोनकडे.

चार वाजून वीस मिनिटं झाली तेव्हा एका तरुणाने फोन उचलला. नेलने नाव, पत्ता, अर्जाचा क्रमांक सांगितला. कळफलकाची टकटक ऐकू आली.

‘हा पत्ता एल्मरिजमध्ये दाखवतोय,’ तो म्हणाला. ‘तुमचा मतदार नाही हा. त्यांच्या खासदारांकडून यायला हवं.’

त्यांच्याही यंत्रात नवा नकाशा भरून झाला होता. तीच चूक, तेच बोट. ‘ती नवी हद्द आहे,’ ती म्हणाली. ‘अजून लागू झालेली नाही.’

‘मला इथे जे दिसतंय ते सांगतोय मी.’

बेरिलने हात पुढे केला. नेलने फोन दिला.

‘बेरिल ऑर्ड बोलतेय. तुझं नाव काय, बाळ?’

त्याने काहीतरी सांगितलं.

‘हे बघ, डेस्मंड. आज रात्री बारापर्यंत मी खासदार आहे आणि तो शेतकरी माझा आहे. बारा वाजून एक मिनिटानं त्याच्या वतीनं तुझ्याशी बोलायला कोणीच उरणार नाही, ना मी, ना एल्मरिजवाले. आणि त्याचं मूल पाच आठवडे वाट बघणार नाही. तुझ्या वरिष्ठांना विचार, पुनर्रचना कधीपासून लागू आहे. मी धरते फोन. पाय दुखतायत, तशीही बसलेच आहे.’

तिने फोन स्पीकरवर टाकला. पुन्हा संगीत. साडेचार. पाऊण तासापूर्वी गार झालेला चहा नेलने तसाच पिऊन टाकला. घरी विनीने बाटली घेतली की नाही, हे विचारायलाही दुसरा फोन उचलवेना. पाचला व्हिसा खातं बंद होणार होतं. ती उठली, खिडकीपाशी गेली, परत आली, टेबलावरचे कागद उगाच सारखे केले.

‘बस गं,’ बेरिल म्हणाल्या. ‘येरझाऱ्यांनी फोन लवकर उचलत नाहीत.’

पाचला बारा कमी असताना डेस्मंड परत आला. आता आवाज वेगळा होता. हद्दीबद्दल बाई बरोबर आहेत, तो म्हणाला. अर्ज अडला होता तो क्षयरोगाच्या दाखल्यापायी. दाखला आला होता, पण भलत्याच अर्जाला जोडला गेला होता. आता तुमच्या पत्राबरोबरचा घेतलाय. आजच्या तारखेला प्रकरण दाखल. त्याने क्रमांक सांगितला. नेलने तो लिहिला, परत वाचून दाखवला, आणि पुन्हा एकदा वाचून दाखवला.

‘निर्णय कधी?’ बेरिलने विचारलं.

‘दहा-बारा दिवस. वचन देत नाही.’

‘मागत नाही. तारीख मिळाली, तेवढं पुरे.’

फोन ठेवून बेरिलने बूट चढवले. दाराशी थांबून म्हणाल्या, ‘एल्मरिजवाल्यांनाही दोन ओळी लिही. आभार मान. त्यांनी कळवलं नसतं तर आपल्याला पत्ताच नसता.’ आणि चौकाकडे गेल्या. रेडिओवाले केव्हाच निघून गेले होते.

पुढचे दिवस नेलने कसे काढले ते तिचं तिला. बेरिलच्या नावाची पाटी कागदाने झाकली गेली, दूरध्वनीवर ‘खासदारांचं कार्यालय’ म्हणायची बंदी आली. क्लेमंट रोज दारोदार फिरून यायचा आणि आकडे न सांगता नुसती मान हलवायचा. नेल रोज सकाळी तो क्रमांक घालून बघायची. ‘विचाराधीन.’ रात्री विनीला पाजताना मनात हिशेब चालायचा, एकतीस, बत्तीस, आता बत्तीस आणि चार दिवस. विनी पिता पिता झोपून जायची, तरी हिला उठायचं सुचायचं नाही.

बाराव्या दिवशी सकाळी तो शब्द बदलला. नेलने तीनदा वाचलं, पान बंद करून पुन्हा उघडलं. मग हाय स्कारला फोन लावला. या वेळी त्याने उचलला.

‘मी नेल. मिळाला व्हिसा.’

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

‘ऐकताय ना? आता तेहतिसावा चालू आहे. या आठवड्याचं तिकीट काढा, डॉक्टरचं पत्र बरोबर घ्यायला सांगा. येऊ शकते ती.’

‘थांबा,’ तो म्हणाला. ‘ठेवू नका.’

रिसीव्हर कुठेतरी लाकडावर टेकवल्याचा आवाज आला. पावलं, दार, मग आतल्या खोलीत त्याचा आवाज. बापाला सांगत होता. बापाला ऐकू कमी येत असावं, कारण तो तेच पुन्हा मोठ्यानं म्हणाला, आणि तिसऱ्यांदा आणखी मोठ्यानं, ‘मार्सेला येतेय, बाबा. बाळ इथेच होणार.’ म्हाताऱ्याचं बोलणं झटक्यानंतर जड झालं होतं. तो काय म्हणाला ते नेलला कळलं नाही. पण त्यावर लँबर्ट हसला, आणि हसता हसताच त्याचा आवाज फुटला.

नेल फोन कानाला धरून बसून राहिली. त्याने थांबायला सांगितलं होतं.