'सोडून द्या' नावाचे बटण

मित्रांनो, मी एक जुनी, फुकट मिळणारी आणि स्वभावाने अगदी गरीब अशी संगणकप्रणाली आहे. संगणक सुरू केल्यावर पडद्यावर जी हसतमुखाने उभी राहते आणि तुमच्या फायली सांभाळते, ती मी. मला कुठल्या कारखान्याने नाही, एकमेकांना कधीही न भेटलेल्या हजारो लोकांनी फावल्या वेळात घडवले. माझे पोट कुणीही उघडून पाहावे, चुकले असेल तर दुरुस्त करावे, असा आमच्या घरचा रिवाज. माझ्याइतकी सोपी दुसरी कुणी नाही, अशी माझी ख्याती होती. त्या सोपेपणानेच माझ्या हातून एक पाप घडले.

माझी मराठी बटणेही अशाच हौशी मंडळींनी लिहिली. फाईल साठवण्याच्या बटणावर एकाने 'वाचवा' असे लिहिले होते. पहिले काही महिने लोकांना वाटे, संगणकात कुणीतरी बुडते आहे. मग तिथे 'जतन करा' आले. त्याच्या शेजारचे बटण नवे लिहिलेले पुसण्याचे. त्यावर 'सोडून द्या' असे होते. ते कुणाला खटकले नाही. मलाही नाही.

एका शिक्षिकेने मला आपल्या वडिलांच्या दुकानातल्या म्हाताऱ्या संगणकावर बसवले. इतर प्रणालींनी त्याच्याकडे पाहून नाक मुरडले होते. वडील घड्याळजी. समोरच्या दुकानात त्यांचा धाकटा भाऊ चष्मे बनवी. मधला रस्ता बारा पावलांचा, अबोला अकरा वर्षांचा. कारण एवढेच, की धाकटा एकदा गिऱ्हाइकांसमोर म्हणाला होता, "दादाचं मोठं घड्याळ चार मिनिटं मागे आहे."

टंकायला शिकल्यावर घड्याळजींनी सर्वांत आधी भावाला पत्र लिहिले. 'माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस' हे त्यातले सौम्य वाक्य. ते त्यांनी पाठवले नाही, पण मी निगुतीने जपले.

मग कळले, धाकटा दुकान बंद करून शनिवारी कायमचा मुलाकडे परदेशी निघाला आहे. घड्याळजींनी तीच फाईल उघडली, जुने सगळे खोडले आणि दुपारभर एका बोटाने नवे पत्र लिहिले. 'घड्याळ मागेच होतं. मला ठाऊक होतं. जायच्या आधी शनिवारी चारला चहाला ये.'

फाईल बंद करताना मी नेहमीप्रमाणे नम्रपणे दोन बटणे पुढे केली. 'जतन करा' आणि 'सोडून द्या'. ते बराच वेळ वाचत राहिले.

"अकरा वर्षं जतनच केलं," ते पुटपुटले. "आता सोडून देतो."

त्यांनी बटण दाबले. मी नवे पत्र पुसले आणि जुने जागच्या जागी ठेवले. अगदी आज्ञाधारकपणे.

मुलीने ती फाईल शाळेत नेऊन छापली. वाचायचे नाही, असे बाबांनी बजावले होते, म्हणून तिने वाचली नाही. पाकीट काकांच्या हातात दिले.

शनिवारी दुकानात दोन कप मांडलेले होते. समोर सामानाची गाडी भरली, निघाली. मोठ्या घड्याळात चार वाजले. म्हणजे चार वाजून चार मिनिटे झाली होती.

रविवारी मुलीने फाईल उघडली, आत जुनेच पत्र पाहिले आणि बाबांना हाक मारली. घड्याळजींनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरे वाटले असते.

"यंत्राला कशाला बोल लावतेस?" ते म्हणाले. "ते लिहिलं मीच होतं ना."

मुलीने माझ्या कर्त्यांना कळवले. चार दिवसांत कुणा अनोळखी भल्या माणसाने शब्द बदलला. आता तिथे 'लिहिलेलं पुसून टाका' असे आहे. मला दुरुस्त करणे इतके सोपे. काका मात्र फोन उचलत नाहीत.

मित्रांनो, माझी निगा राखा असे मी कोणत्या तोंडाने सांगू? एवढेच सांगते, बटणावरचा शब्द दोनदा वाचा. आणि रस्ता बारा पावलांचा असेल तर पत्र लिहूच नका, चालत जा.

परवा घड्याळजी स्टुलावर चढले आणि त्यांनी मोठे घड्याळ चार मिनिटे पुढे केले. समोरच्या दुकानाला कुलूप होते. पाहायला फक्त मी होते.