जावाशेट

"गुरुजी, जावा हा माणूस हाय का गाव?"

सारजानं विचारलं आणि मागच्या रांगेत खुसखुस सुरू झाली. पैज तिथंच लागली होती. शेजारी बसणारी चंद्रा म्हणाली होती, "विचारून दाव, माझी समदी चिंच तुझी." त्या एकोणीसशे एकतीस सालात बारामतीच्या बाजारात गुळाचा भाव पडला की जो तो म्हणायचा, जावानं मारलं. कुणाच्या घरी जावा म्हणजे मुंबईचा बडा व्यापारी होता, कुणाच्या घरी सोलापूरकडचं गाव. सारजाचा बाप अप्पा तर त्याला जावाशेटच म्हणायचा.

इंदापुराहून नुकतेच बदलून आलेले गुरुजी भिंतीकडे वळले. नकाशा मुंबई इलाख्याचा. त्यांनी त्यावर छडी टेकवली, फिरवली, उचलली.

"बेट आहे ते. साखर येते तिकडून. बस खाली."

"कुठं हाय, गुरुजी?"

"समुद्रात."

"कोणत्या?"

"जगाचा भूगोल सहावीत असतो, आणि मुलींची शाळा पाचवीपर्यंत. तुला काय करायचंय? ऊस लावायला जायचंय तिथं?"

वर्ग हसला. चिंच मिळाली, पण सारजानं ती न खाताच ओच्यात बांधली.

घराच्या वाटेवर, कालव्याकाठी त्यांचं गुऱ्हाळ होतं. तिथं बावड्याचा सोनबा उकळत्या रसाच्या काहिलीवरची मळी काढत होता. अख्ख्या शिवारात परमुलूख पाहिलेला हा एकटाच. चौदा सालच्या मोठ्या लढाईत पलटणीची खेचरं सांभाळत दोन वर्षं बसऱ्याला राहिलेला!

"तात्या, बसऱ्याहून जावा किती लांब?"

"कुनाला ठावं?"

"मग बसरा कसा हाय, त्ये तरी सांगा."

"वाळू. माश्या. खेचरं."

"आनि मान्सं?"

"असतील की. आमी खेचरांत व्हतो." सोनबानं झारा झटकला. "सायेब म्हनला चल, गेलो. म्हनला उतर, उतरलो. कुन्या अंगाला त्वांड करून गेलो, त्ये बी कुनी सांगितलं न्हाय, पोरी."

सारजाला पाय आपटावेसे वाटले. दोन वर्षं राहून आला, आणि गाठीला काय, तर माश्या!

तेवढ्यात अप्पाची गाडी आली. गुळाच्या ढेपा गेल्या तशाच परत आल्या होत्या. बैल सोडायला अप्पा इतका वेळ कधी लावत नसे.

"का वं, गूळ न्हाय उतरवला?" गुऱ्हाळात ऊस सोलत बसलेल्या आईनं, धोंडाबाईनं विचारलं.

"आडत्या म्हनला, जावा सस्त्यात देतोय. मी म्हनलं, त्या जावाशेटला एकडाव हितं घिऊन या. ताजा रस पाजतो, बसून बोलू. त्यो बी पोराबाळांचा धनी असंल." अप्पानं पटका काढून गुडघ्यावर ठेवला. "समदा बाजार हसला. हमाल बी हसलं. का हसलं, त्ये कुनी सांगंना."

सोनबानं काहिलीखाली चिपाडं सारली.

"अप्पा," सारजा हळूच म्हणाली, "त्यो शेट न्हाय. बेट हाय समुद्रात. साखर येती तितनं."

अप्पानं मान वर केली. "बेट? म्हंजी तितं बी शेतकरीच? त्येंच्या उसाला पानी कुठनं येतं? आपल्यावानी पाट हाय का? आनि एवढा राबून त्येंना सस्त्यात द्याया परवडतं कसं?"

सारजाला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. अप्पा मात्र अजून तिच्याकडंच बघत होता. त्यानं तिला आजवर असं काही विचारलंच नव्हतं.

"जाऊ द्या, हातपाय धुवा," धोंडाबाई म्हणाली. "परीक्षा झाली की ही बी घरीच हाय. तुमाला तेवढाच हातभार."

"मी घरी बसनार न्हाय."

आवाज एवढा मोठा निघाला की बैलानं कान टवकारले.

"सहावीला मी पोरांच्या शाळंत जानार. मागं बसवलं तर मागं, दाराभाईर बसवलं तर भाईर. आनि अप्पा, नाव घालाया तुमी संगं येऊ नगा. हसायचं आसंल त्येंना, तर माझ्यावर हसू द्या."