सावलीतला डोळा

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास, आयर्लंडमधल्या डंडॉक गावी चित्रदुरुस्तीच्या एका कार्यशाळेत, अठराव्या शतकातल्या डॅनिश चित्रकाराच्या आत्मचित्रात दुसरा डोळा दिसू लागला. तो आंधळा होता.

चित्र एका वृद्ध आयरिश बाईंच्या घरचं. एका बाजूने मेणबत्तीचा उजेड, त्यात कपाळ, नाक आणि एक डोळा. उरलेला अर्धा चेहरा काळोखात. ते स्वच्छ करायचं काम इरावतीकडे होतं. ती पुण्याची, डब्लिनला शिकून इथेच राहिलेली. त्या शुक्रवारी तिचं प्रोबेशन संपणार होतं. नोकरी पक्की झाली तरच वर्क परमिट वाढणार होतं.

या कामात नजर कापसाच्या बोळ्यावर ठेवायची असते. बोळा पिवळा झाला तर जुनं व्हार्निश निघतंय. तपकिरी झाला तर थांबायचं, रंग सुटतोय. इरावतीचा बोळा तपकिरी झाला. पण चित्र कित्येक वर्षं शेकोटीच्या वर टांगलेलं होतं आणि त्या घरात दलदलीतून काढलेली पीट नावाची माती सरपणासारखी जाळत. आदल्या दिवशी उजळ कपाळावरूनही तपकिरी काजळीच निघाली होती. म्हणून ती पुसत राहिली. काळोख उतरला आणि खालून पांढुरकं, बुबुळ नसलेलं गोलक वर आलं.

कार्यशाळेच्या मालकीण नुआला यांनी एवढंच विचारलं, की हा काळोख चित्रकारानेच रंगवलेला असेल तर? इरावतीने काजळीचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि तिला चित्राला हात लावायची मनाई केली.

दुपारी तिने नवऱ्याला, ज्ञानेशला, डब्लिनजवळच्या स्वोर्ड्समधल्या ऑफिसात फोन केला.

"मग परत काळं फास की," तो म्हणाला. "अर्धा काळोख तर शिल्लक आहे."

"चित्रकाराने आधी तो डोळा जसा होता तसा काढला, ज्ञानेश. मग स्वतःच झाकला असेल, तर मी तो उघडा पाडलाय."

"आणि नंतर दुसऱ्या कुणी झाकला असेल तर?"

"तर मी माझं काम केलं."

परमिटचं त्याने विचारलं नाही.

बुधवारी कडेला उरलेल्या काळ्या रंगाचा, खालच्या थरासकट काढलेला कण डब्लिनच्या प्रयोगशाळेत गेला. डोळा आणि काळोख यांच्यामध्ये धुळीचा थर सापडला, तर काळोख नंतरचा. नाही सापडला, तर चित्रकाराचाच.

शुक्रवारी प्रोबेशन संपलं. नुआला हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं आहे. प्रयोगशाळेचं उत्तर अजून आलेलं नाही.