गॅलरीतलं औषध

बाबांनी निवृत्तीनंतर गॅलरीत बिनडंखाच्या माश्या पाळल्या. माश्या मुंगीएवढ्या, मध जेमतेम चमचाभर. पण त्या झाडांची राळ आणतात, मेणात मळतात आणि पेटीच्या फटी लिंपतात. त्या लिंपणाला प्रोपोलिस म्हणतात. त्यातलं नेमकं काय जंतू मारतं, हे शोधणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग.

बाबांच्या पेटीतला नमुना जरा हिरवट होता. प्रयोगशाळेत तो लावला आणि ताटलीतले जंतू सपाट झाले. इतर नमुन्यांभोवती जंतू मेल्याचं कडं नखाएवढं, इथे चांगलं झाकणाएवढं! मी हुरळून फोन केला. बाबांनी ही बातमी इमारतभर केली. त्यांच्या अंगठ्याला चपलेने लागलेलं मधुमेहामुळे भरत नव्हतं. "आता घरचंच औषध. डॉक्टर कशाला?" म्हणाले. मी ते थट्टेवारी नेलं.

आज रसायनं वेगळी करणाऱ्या यंत्राचा निकाल आला. यंत्रावरचा मित्र म्हणाला, "अगं, हे झाडाचं नाहीच. लाकडाला बुरशी लागू नये म्हणून रंगात घालतात ना, ते आहे हे."

बाबांनी गॅलरीच्या खिडक्या हिरव्या रंगवल्या होत्या. ओल्या रंगावर बसलेल्या माश्यांचे फोटो कौतुकाने मला पाठवलेही होते. माश्यांना चिकट मिळाल्याशी कारण, राळ काय नि रंग काय! माझ्या शोधावर पाणी पडलं. पण मला तो अंगठा आठवला. तशीच घरी पळाले.

बाबा स्टुलावर पाय ठेवून बसले होते. अंगठ्यावर हिरवट लेप.

"बाबा, पुसा आधी ते!"

पुसायची वाट न बघता मीच धुऊन काढलं. भोवतीची कातडी लालभडक झाली होती. मला त्यांचा राग आला, त्याहून माझा. एका दमात सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे तुझा शोध...?"

"गेला. उठा, डॉक्टरकडे जायचंय."

बाबा चपला शोधू लागले. "सुटलो बाई. नुसती आग आग होत होती. डोळ्याला डोळा लागत नव्हता."

"अहो, मग काढून का नाही टाकलंत?"

"तुझं औषध होतं ना," बाबा म्हणाले.