खाली टीका

आमच्या गावात 'खाली' म्हटलं की आमचीच वस्ती. मध्य प्रदेशात, रामाकोन्याच्या अलीकडचं आमचं गाव उतारावर वसलेलं. वर बाजार, शाळा, मोठी घरं. खाली नाल्याकाठी आम्हा बौद्धांची घरं. म्हणून भोपाळची डॉक्टरीण आमच्या विहारात उभी राहून म्हणाली, "आधों को असली टीका लगेगा, आधों को खाली टीका," तेव्हा सगळ्यांनी कान टवकारले.

माझी सुप्रिया पुढेच बसली होती. लस, डॉक्टरणीच्या भाषेत टीका, लागू पडते का हे तपासण्यासाठी ती टोचून घ्यायला सगळ्यांत आधी तीच तयार झाली होती. मागच्या वर्षी तिचा भाऊ, माझा प्रतीक, डेंगूनं गेला. ही नवी लस डेंगूचीच. पण एक लेकरू तापानं नेलं, आता दुसरं या सुईच्या हवाली करायचं?

चिंधू उठला. वस्तीत त्याच्या शब्दाला वजन आहे आणि आवाजाला त्याहून जास्त.

"आयकलं का? असली टीका वरच्यायले, अन् खालचा आपल्याले! आपल्या अंगावर शिकून राहिले हे लोक!"

एकच गलका झाला. दोघा-तिघांनी दार अडवलं. डॉक्टरणीचा चेहरा पांढरा पडला. मी सुप्रियाचं मनगट धरलं. "चाल घरी."

"थांब न आई." तिनं डॉक्टरणीकडे पाहिलं. "मॅडम, खाली मतलब?"

"मतलब... जिसमें दवा नहीं है. सिर्फ नमक का पानी. किसको क्या लगा, मुझे भी पता नहीं रहेगा."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. "अरे, रिकामा म्हनते ते!" दार मोकळं झालं. चिंधूही बसला. सगळ्यांना हायसं वाटलं, मला नाही. शब्द समजला म्हणून भीती जाते थोडीच?

"वर किती जनायनं हो म्हटलं?" मी विचारलं.

"ऊपर हम पहले गए थे. सबने मना कर दिया."

"मंग पुन्हा गेल्या?"

"नहीं. उनकी मर्जी थी."

"अन् इथं किती खेपा आल्या?"

"कई बार. समझाने के लिए." माझं डोकंच फिरलं.

"त्यायनं नाही म्हटलं त मर्जी, आमी नाही म्हटलं त अडानी?"

"गलती हुई," ती हळूच म्हणाली. "आप भी मना कर सकते हैं. बीच में भी छोड़ सकते हैं. कोई कुछ नहीं कहेगा."

"आयकलं?" मी सुप्रियाला म्हटलं. "नाही म्हन अन् चाल."

तिनं मनगट सोडवलं नाही. "आई, नाही म्हनता येते हे आता समजलं. म्हनूनच हो म्हनून राहिली. प्रतीकसाठी."

मला संताप आला आणि रडूही आलं. दुसऱ्या दिवशी सौंसरच्या दवाखान्यात मीच तिला घेऊन गेले. सुई टोचताना मी तोंड फिरवलं. डॉक्टरीण म्हणाली, "असली होगा तो शायद हल्का बुखार आए. घबराना मत."

घरी आल्यापासून मी तिच्या कपाळाला हात लावून पाहत होते. ताप आला तर प्रतीकचा ताप आठवून माझा जीव जाईल. नाही आला तर पोरीला नुसतं पाणीच टोचलं, डेंगू पुन्हा दारात उभा.

"आई, काय पाहून राहिली?" सुप्रियानं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं आणि हात तसाच ठेवला.