दीड मीटरवर काय होतं

चौतीस वर्षांच्या संसारात आमच्या ह्यांनी माझा एक फोटो काढला नाही. एक म्हणजे एक नाही. गंजलेली कडी काढली, मुंग्यांची रांग काढली, जिन्याच्या पायऱ्या तर इतक्या वेळा काढल्या की पायऱ्यांनाच लाज वाटायला हवी होती. मी विचारलं की उत्तर ठरलेलं, "तू हलतेस." फ्लॅश त्यांना चालायचा नाही आणि घरातल्या उजेडात फोटो काढायचा तर समोरच्याने दगड होऊन थांबावं लागतं म्हणे. चार कामं हातात असलेल्या बाईने कसं थांबायचं? मी म्हणायचे, "मग मेल्यावर काढा, तेव्हा नाही हलणार."

गेले आधी तेच. त्याला आता वर्ष होईल.

लेक लांब असते, रविवारी फोन करते. "आई, भिंतींशी भांडत बसू नकोस, काहीतरी शीक," म्हणाली आणि एक जुना डिजिटल कॅमेरा पाठवून दिला. त्याला लेन्सच नव्हती. "बाबांची आहे की घरात. ती बसवायची चकती पाठवलीये सोबत."

बाबांची लेन्स होती त्यांच्या रोलच्या कॅमेऱ्यावर, कपाटात. ती काढण्याआधी म्हटलं, आत काय आहे बघू तरी. मागचं झाकण उघडलं तर आत रोल! मी खिडकीपाशी गेले, रोल सरसर ओढला आणि उजेडात धरून बघितला, काही दिसतंय का. काहीच दिसेना, म्हणून तो गुंडाळून पिशवीत टाकला आणि सगळं घेऊन कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. हा एका डोळ्याला भिंग लावून दिवसभर वाकून बसलेला असतो. त्याने रोल बघितला आणि भिंग काढून ठेवलं.

"काकू, न धुतलेला रोल उजेडात काढायचा नसतो. गेला हा."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. त्या रोलमध्ये ह्यांचे शेवटचे आठ महिने होते. श्वास पुरत नव्हता, तर पलंगावरून उठून स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीत आणि खुर्चीतून परत पलंगावर, एवढंच फिरणं उरलं होतं. कॅमेरा मात्र मांडीवर असायचा. मधूनच खटका ऐकू यायचा. कशाचा फोटो, मी कधी वळून विचारलं नाही. त्या दिवशी बसथांब्यावर बसून मी भडाभडा रडले. कोण बघतंय याची पर्वा केली नाही.

नवीन कॅमेऱ्याचं वेगळंच. लेन्स बसवली तरी म्हणे लेन्स नाही, आणि बटण दाबलं तरी ढिम्म. दुरुस्तीवाल्याने आत कुठेतरी काहीतरी बदललं. म्हणाला, "लेन्स आहे हे त्याला अजूनही कळत नाहीये, पण चालवून घेईल."

"संसारासारखं," मी म्हटलं.

मग तीन आठवडे मी दिसेल त्याचे फोटो काढले. सगळे धूसर, चष्मा घरी विसरल्यासारखे. मधूनच एखादा लख्ख यायचा. साखरेचा डबा, टपालपेटी, शेजारच्यांच्या फाटकाचं कुलूप. खूप डोकं खाजवल्यावर माझ्या लक्षात आलं की हे सगळे एकाच अंतरावरून काढलेत. झालं, मला गुरुकिल्ली मिळाली. टपालपेटीसमोर दोन पावलं पुढे, एक मागे, अर्धं परत पुढे. फाटकवाल्या शेजारीण बाईंनी विचारलं, "बरं नाही का वाटत?" मी म्हटलं, "फोटोग्राफी आहे. तुम्हाला नाही कळायचं."

मोठ्या ऐटीत दुरुस्तीवाल्याला माझी युक्ती सांगितली. तो हसून हसून लाल झाला. "काकू, पायांनी नाही चालायचं! जुन्या लेन्सला आपोआप काही जमत नाही. ही रिंग फिरवायची, जवळचं-लांबचं हिने साधतं." फिरवायला गेला तर फिरेना. भिंग लावून त्याने रिंगवरचे आकडे वाचले. "आतलं ग्रीस सुकलंय. दीड मीटरवर अडकलीये. काकांनी शेवटचा फोटो काढला तेव्हा होती तिथेच राहिली असणार. उघडून साफ करून देतो, दोन दिवस लागतील."

मी लेन्स त्याच्या हातातून हिसकावूनच घेतली.

रोल मी उजेड दाखवून घालवला होता, पण शेवटचं त्यांनी किती लांब बघितलं ते ही रिंग धरून बसली होती. दीड मीटर. खुर्ची दाराशी, आणि खुर्चीसमोर सिंकपाशी दिवसभर कोण? मीच की. खोटं कशाला बोलू, मला हाव सुटली. वाटलं, शेवटी शेवटी तरी काढला असेल माझा. न विचारता, गुपचूप. लेन्स उघडली की रिंग फिरणार आणि मग हे कधीच कळणार नाही.

चार दिवस नुसती घाबरले. पाचव्या दिवशी सकाळी उठून कामाला लागले. खुर्ची होती तिथेच आहे, मी हलवलेली नाही. मागच्या भिंतीवर ह्यांच्या डोक्याचा तेलकट डाग आहे, लेक पुसायला निघाली होती तर तिच्यावर ओरडले होते मी. त्या डागाच्या अंदाजाने खुर्चीत पुस्तकांची चळत रचली आणि वर कॅमेरा ठेवला. तो दहा सेकंद थांबून आपला आपण फोटो काढतो, तसं लावलं. धावत जाऊन सिंकपाशी नेहमीसारखी उभी राहिले. हातात कप घेतला. जन्मात कधी थांबले नाही अशी थांबले. श्वाससुद्धा घेतला नाही.

मग फोटो मोठा करून बघितला. माझा खांदा धूसर, माझा गाल धूसर. लख्ख होता तो माझ्यापलीकडचा नळ. त्याच्या तोंडाशी लोंबणारा थेंबसुद्धा स्वच्छ दिसत होता.

पुन्हा काढला. जरा पुढे सरकून काढला, पण पुढे सिंक. सरकून सरकून सरकणार किती? शिवणाची टेप आणून मोजलं. दीड मीटर बरोबर नळापाशी संपत होतं.

नळ! आठ महिने मी कानीकपाळी ओरडत होते, "अहो, नळ गळतोय, फोन करून बोलवा कुणालातरी." आणि हे त्याचा फोटो काढत बसले होते! मी त्या खुर्चीसमोर उभी राहून तोंडाला येईल ते बोलले. दगड म्हणाले, कोरडे म्हणाले, अजून काय काय म्हणाले. मग बोलायचं संपलं. भांडायला समोर माणूस लागतं हो. "तू हलतेस" एवढं जरी कुणी म्हटलं असतं, तर तासभर भांडले असते. मी तिथेच जमिनीवर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी लेन्स दुरुस्तीवाल्यापुढे ठेवली.

"नक्की ना, काकू? ती खूण राहणार नाही."

"नळाची खूण घेऊन काय करू मी? उघडा."

दोन दिवसांनी रिंग लोण्यासारखी फिरायला लागली. घरी आले, कॅमेरा घेतला आणि सिंकपाशी जाऊन उभी राहिले, पण या वेळी पाठ नळाकडे. तेव्हा ध्यानात आलं, इथून खुर्चीकडे मी कधी बघितलंच नव्हतं. त्यांनी माझा फोटो काढला नाही हे खरं, पण आठ महिने मीही त्यांना पाठच दाखवली होती. खुर्चीच्या डाव्या हातावरचा रंग अंगठा घासून घासून गेलाय, हेसुद्धा मला आज दिसत होतं.

रिंग हळूहळू फिरवली. खुर्ची धूसर, धूसर, मग एकदम स्वच्छ. डागासकट. बटणावर बोट ठेवलं आणि तोंडातून निघूनच गेलं, "अहो, हलू नका हं."

फोटो लख्ख आला. हलायला खुर्चीत होतं कोण.